अधिक-उणे तीन दिवस

विशाखा ठवरेला कुणी किती वाजले असं विचारलं, तर ती "पाच वाजून दहा, अधिक-उणे दोन मिनिटं" असं सांगते, हा तिच्या प्रयोगशाळेतला जुना विनोद होता. तो नसरीननं सुरू केला होता. नसरीन सोळा वर्षं विशाखाबरोबर दातांच्या क्ष-किरण प्रतिमा घेत होती आणि विशाखाची तोंडावर चेष्टा करण्याचा अधिकार त्या इमारतीत तिला एकटीलाच होता. विशाखा हसायची, पण सवय सोडायची नाही. मोजलेल्या प्रत्येक आकड्याला चुकीची एक शेपटी असते, ती लपवून आकडा सांगणं म्हणजे थाप मारणं, असं ती विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवत आली होती.

जुलैच्या शेवटी न्यायालयाकडून एक मोहोरबंद डबी नागपूरला आली. वर नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता, चारशे अकरा. आत कापसात गुंडाळलेली एक दाढ होती. खालची, उजवीकडची, एका बाजूनं किडलेली. अशा डब्या आता महिन्याला सात-आठ येत. डबीतला दात कुणाचा, त्यानं काय केलं, कधी केलं, यातलं काहीही तपासणाऱ्याला सांगायचं नाही असा नियम होता. विचारलं जाई एवढंच, की हा माणूस कोणत्या तारखेला जन्मला.

दातावरचं पांढरं कवच, ज्याला दंतवल्क म्हणतात, ते एकदम तयार होत नाही. रोज एक थर बसतो, केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढा. हाडं आयुष्यभर झिजतात आणि भरतात, कातडी गळून नवी येते, पण दंतवल्काचा एकदा बसलेला थर पुन्हा बदलत नाही. पहिल्या पक्क्या दाढेचं कवच बाळ जन्मायच्या सुमारास बनायला लागतं आणि ते तीन वर्षांचं होईपर्यंत हिरडीच्या आत बनत राहतं. जन्म घेताना शरीराला जो हादरा बसतो त्याची त्या कवचात एक गडद रेघ उमटते. पुढे मोठा ताप आला, उपासमार झाली, भाजलं, की तशीच एकेक रेघ. झाडाच्या खोडात वर्षं मोजता येतात, इथे दिवस मोजता येतात, आणि नव्या यंत्रात त्यासाठी दात कापावाही लागत नाही.

विशाखानं ही रीत बसवली होती ती डोंगरातल्या पाड्यांवरच्या मुलांसाठी. कोणत्या महिन्यात बाळं उपाशी राहतात हे सरकारी तक्त्यांपेक्षा दात खरं सांगतील, असं तिला वाटलं होतं, आणि त्यांनी सांगितलंही. अडचण एकच होती. मूल जन्मल्यापासून दोनशेव्या दिवशी आजारी पडलं एवढं दात सांगे, पण तो दिवस कॅलेंडरातला कोणता हे त्याला ठाऊक नसे. पावसाळ्याच्या आणि उन्हाळ्याच्या पाण्यातल्या प्राणवायूत थोडा फरक असतो, तो दंतवल्कात उतरतो, त्यावरून अंदाज बांधता येई. पण त्या अंदाजाला वीस दिवसांची शेपटी होती. मात्र एखाद्या गडद रेघेचा नेमका दिवस घरातल्या कुणाला आठवत असला, तर त्या रेघेपासून उलटं मोजत जन्मापर्यंत जाता येई. अशा रेघेला प्रयोगशाळेत खुंटी म्हणत. खुंटी मिळाली की वीस दिवसांची शेपटी तीन दिवसांवर येई.

पुढे कायद्यानं ही रीत उचलली. पूर्वी सोळा ते अठरा वर्षांच्या मुलानं मोठा गुन्हा केला की बाल न्याय मंडळ बसायचं. मुलाची समज किती, घर कसं, त्या दिवशी काय घडलं, हे बघून त्याला मोठा धरायचं की लहान ते ठरवायचं. मंडळ कधी चुकायचं, कधी महिनोन्‌महिने घोळ घालायचं, पण बघायचं. वय दिवसावर मोजता यायला लागल्यावर ती चौकशीच काढून टाकण्यात आली. अठराच्या आत असेल तर सुधारगृह, जास्तीत जास्त तीन वर्षं. अठरा पूर्ण असतील तर सत्र न्यायालय, आणि खून असेल तर जन्मठेप. मोजता येतंय म्हटल्यावर विचार करण्याची गरज उरली नाही, असं कुणाला तरी वाटलं असावं. मसुद्यावर मतं मागवली तेव्हा विशाखानं दोन पानी पत्र पाठवलं होतं. त्याची पोच तेवढी आली.

क्रमांक चारशे अकराची आई ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रयोगशाळेत आली. तिचं नाव प्रणिता गायधने. भंडारा जिल्ह्यातल्या एका तलावाकाठच्या गावात ती अंगणवाडीत मदतनीस होती. वय चाळिशीच्या आत, पण डोळ्यांखाली काळं झालेलं. बरोबर आणलेली पाण्याची बाटली तिनं दोन्ही हातांनी मांडीवर धरून ठेवली होती. गुन्ह्याबद्दल काही बोलायचं नाही हे तिला बाहेर सांगितलेलं होतं. विशाखानं प्रश्नांचा कागद पुढे ओढला. तो तिनं स्वतःच पाड्यांवरच्या आयांसाठी लिहिला होता, त्यामुळे त्याची भाषा कचेरीची नव्हती. बाळ पहिल्यांदा कधी रांगलं, कशाला भ्यायचं, असल्या प्रश्नांनी तो सुरू व्हायचा.

जन्मतारखेचा प्रश्न आला तेव्हा प्रणिता म्हणाली, "ते मले माहीत नाही जी."

मग तिनं सांगितलं. महामारीची दुसरी लाट होती. तिला ताप होता आणि तापातच कळा सुरू झाल्या. दवाखान्यात खाट मिळत नव्हती, म्हणून सासूनं घरीच सोडवलं. बाळ रडल्याचं तिनं ऐकलं, त्यापुढचं तिला काही आठवत नव्हतं. नवरा धनराजही तापानं फणफणला होता. नऊ मेला ॲम्ब्युलन्स येऊन त्याला घेऊन गेली, ती तारीख कागदावर होती. तो परत आला नाही. सहा दिवसांनी सासू गेली. प्रणिता शुद्धीवर आली तेव्हा ती शाळेत उघडलेल्या केंद्रात होती आणि बाळ गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंच्या घरी, त्यांच्या सुनेच्या अंगावर पीत होतं.

"पोरगा कोणत्या दिवशी झाला हे दोघांनाच माहीत होतं, आणि दोघंही गेले. आता कोणाले विचारू?" ती म्हणाली. "त्याच्या बापानं त्याचं तोंड पाहिलं का गाडी आधीच घेऊन गेली, हेही मले माहीत नाही."

पुढे शाळेत नाव घालताना बाईंनी एक जून लिहून टाकलं. हे सांगताना ती पहिल्यांदा थोडी हसली. वर्गात एकोणतीस पोरं, त्यातल्या सतरांचा वाढदिवस एक जूनला. बाईंचा स्वतःचाही एक जूनलाच. त्या दिवशी शाळेला सुट्टी असते, त्यामुळे कुणाला चॉकलेट वाटावं लागत नाही, ही सरकारची कृपा, असं बाई म्हणायच्या. मग आधारवर एक जून, दहावीच्या प्रमाणपत्रावर एक जून. प्रणिता घरी शिरा करायची. सतरा वर्षं केला.

विशाखानं कागदावरचा पुढचा प्रश्न वाचला. पहिल्या तीन वर्षांत मुलाला मोठं काही दुखलं-खुपलं का, आणि तो दिवस आठवतो का.

प्रणितानं बाटली खाली ठेवली. "दिवस तर पक्का आठवते जी. तान्हा पोळा होता."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या भागात पोरं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा म्हणून खाऊ, पैसे मिळवतात. तिच्या भावानं नागपूरहून चाकांचा बैल आणला होता. पोरगा सव्वा वर्षाचा, नुकताच चालायला लागलेला. तिनं बैलाच्या शिंगांना बेगड लावली, गळ्यात झेंडूची माळ घातली आणि वडे तळायला बसली. पोरगा दोरी ओढत आला, बैल स्टोव्हला अडला, त्यानं हिसका दिला आणि कढई कलंडली. डावं पाऊल घोट्यापर्यंत भाजलं. बैलाचा पुढचा पाय मोडला तो वेगळाच. दवाखान्यात पट्टी बांधताना पोरगा पायासाठी रडत नव्हता, बैलासाठी रडत होता. दरवर्षी तान्हा पोळ्याला ही गोष्ट सांगायची आणि त्यानं ती ऐकून लाजायचं, असं त्यांच्या घरात ठरूनच गेलं होतं.

ती तासभर बोलली. आपल्या मुलाच्या लहानपणाबद्दल गेल्या अडीच महिन्यांत कुणी तिला काही विचारलं नव्हतं, हे विशाखाला दिसत होतं. तिच्या उत्तराचा काय उपयोग होईल हे सांगायची नियमानं मनाई होती. विशाखानं सांगितलं नाही. जाताना प्रणिता म्हणाली, "मॅडम, तुम्ही चांगलं विचारलं."

नसरीननं आणि विशाखानं रेघा वेगवेगळ्या बसून मोजल्या, एकमेकींना न सांगता. जन्माच्या रेघेपासून भाजल्याच्या रेघेपर्यंत विशाखाला चारशे शहात्तर दिवस मिळाले, नसरीनला चारशे एकोणऐंशी. यंत्राची मोजणी चारशे सत्याहत्तर. पंचांगातून त्या वर्षीच्या तान्हा पोळ्याची तारीख काढून उलटं मोजलं. अहवालात विशाखानं लिहिलं: जन्म सात मे, अधिक-उणे तीन दिवस.

साक्षीचं समन्स डिसेंबरात आलं आणि त्यात पहिल्यांदा नाव होतं, हर्षल धनराज गायधने. सोबतच्या कागदांवरून विशाखाला बाकीचं कळलं.

हर्षल आणि लोकेश कापगते शेजारी वाढलेले. दोघं पोलीस भरतीची तयारी करत होते, रोज पहाटे तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, सोळाशे मीटर धावायचे आणि मग गोळाफेक. पाच वर्षांनी भरती निघाली. पंधरा मेला अठरा पूर्ण हवेत अशी अट होती. लोकेशचा अर्ज बसला. हर्षलचा एक जूनमुळे सतरा दिवसांनी हुकला. गावच्या पोरांच्या ग्रुपवर लोकेशनं हर्षलच्या फोटोला टोपडं आणि दुधाची बाटली चिकटवून टाकली आणि खाली लिहिलं, बाळ, पुढच्या वेळी ये. लोक चार दिवस हसत होते. एकोणीस मेला हर्षल सकाळी पाळीवर गेला, लोकेशला धावताना बघितलं, घरी परतला, सरावाचा लोखंडी गोळा घेतला आणि पिंपळाच्या पाराआड जवळजवळ तासभर थांबला. लोकेश परतीच्या फेरीला तिथे दम खायला बसायचा, हे त्याला माहीत होतं. त्यानं मागून मारलं. मग गोळा तिथेच ठेवून तो पोलीस पाटलाच्या घरी गेला आणि ओट्यावर बसून राहिला.

शाळेच्या दाखल्यावर तो त्या दिवशी सतरा वर्षं अकरा महिन्यांचा होता. पण एक जूनचं गौडबंगाल सगळ्या गावाला ठाऊक होतं. लोकेशच्या वडिलांनी तारखेला हरकत घेतली आणि दाढ नागपूरला आली.

विशाखानं कॅलेंडर बघितलं नाही, डोक्यातच हिशेब झाला. अठरा वर्षं बारा दिवस. तीन दिवस इकडे किंवा तिकडे, तरी अठरा पूर्ण. तिनं कागद नसरीनपुढे सरकवला. नसरीननं वाचून चष्मा काढला. खुंटी नसती तर वीस दिवसांच्या शेपटीत एकोणीस मे सहज बसला असता, आणि शंका असली की फायदा आरोपीला, हे दोघींनाही माहीत होतं.

"खुंटी आईनं दिली," नसरीन म्हणाली.

"मी मागितली," विशाखा म्हणाली.

साक्षीच्या दिवशी न्यायालयाच्या व्हरांड्यात एक उंच, वाकलेला माणूस तिच्यासमोर येऊन उभा राहिला. हात जाड, नखं काळी पडलेली. त्यानं आपण मनोहर कापगते, वीज मंडळात लाइनमन, लोकेशचा बाप, असं सांगितलं. विशाखा उठली. साक्षीदाराशी बोलू नये हे त्याला कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगूनही तो आला असावा.

"तुम्ही अहवालात तीन दिवस इकडे-तिकडे म्हणता," तो शांतपणे म्हणाला. "माझ्या लोकेशचं सांगू? अठरा वर्षं, चार महिने, नऊ दिवस. त्यात इकडे-तिकडे काही नाही."

तो परत जाऊन बाकावर बसला. डबा उघडून त्यानं पोळीचा तुकडा मोडला आणि तो हातातच धरून ठेवला.

आत आधी प्रणिताची साक्ष होती. बचावाचे वकील रहाटे म्हातारे, सौम्य बोलणारे होते. त्यांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. मुलगा भाजला तो दिवस कोणता होता हे तुम्हाला नक्की आठवतं का, एवढंच विचारलं.

प्रणिता कठड्याला धरून उभी होती. तिनं न्यायाधीशांकडे बघितलं नाही, मुलाकडेही नाही. "सण होता," ती म्हणाली. "पोळा असेल, गणपती असेल. सतरा वर्षं झाली. नक्की नाही आठवत जी."

सरकारी वकिलांनी तिला तिच्या सहीचा कागद दाखवला. तिनं तो वाचल्यासारखं केलं आणि म्हणाली, तेव्हा मन ठिकाणावर नव्हतं, तोंडाला येईल ते सांगितलं.

मग विशाखाला बोलावलं. दंतवल्क, रेघा, पाणी, खुंटी, हे सगळं तिनं समजावून सांगितलं. रहाट्यांनी विचारलं, आईनं सांगितलेला दिवस बाजूला ठेवला तर काय उरतं? विशाखा म्हणाली, मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याचा मध्य धरून अधिक-उणे वीस दिवस. म्हणजे जन्म एकोणीस मेनंतरचाही असू शकतो? असू शकतो. रहाटे बसले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान नव्हतं, थकवा होता.

सरकारी वकील उठले. ते तरुण होते, आणि त्यांनी कागद खाली ठेवला तेव्हाच आता दाताबद्दल प्रश्न येणार नाही हे विशाखाला कळलं.

"डॉक्टर, प्रणिता गायधने तुमच्यासमोर तासभर बोलल्या. तुम्ही अशा किती आयांशी बोलला असाल?"

"हजारेक. अधिक-उणे पन्नास."

मागे कुणीतरी हसलं.

"मग सांगा. तो दिवस सांगताना त्यांना खात्री होती की नव्हती?"

विशाखाला खाली ठेवलेली ती पाण्याची बाटली आठवली. तिच्या आयुष्यात शेपटी नसलेलं असं एकच उत्तर तिला माहीत होतं आणि तेच आता विचारलं जात होतं. समोर प्रणिता पदर मुठीत धरून बसली होती. पलीकडच्या बाकावर मनोहर कापगते. माणसाची खात्री मोजायचं माझ्याकडे यंत्र नाही, असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"तान्हा पोळाच होता, आई."

आवाज आरोपीच्या जागेवरून आला होता. हर्षल उभा राहिला होता. तो अटकेपासून एकाही सुनावणीत बोललेला नव्हता, त्यामुळे शेजारचा शिपाई त्याला बसवायलाही विसरला.

"बैलाचा पाय मोडला होता," तो म्हणाला. "मी बोजारा मागायला निघालो होतो. तूच तर सांगते दरवर्षी."

प्रणितानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रहाट्यांनी मान खाली घातली. न्यायाधीश बाईंनी आरोपीला खाली बसायला सांगितलं आणि हे बोलणं शपथेवरचं नाही, नोंदीत घेऊ नये, असं लघुलेखकाला बजावलं. मग त्या विशाखाकडे वळल्या.

"डॉक्टर, तुमचं उत्तर राहिलं."

"होय," विशाखा म्हणाली. "त्यांना खात्री होती."

मुलगा बोललाच नसता तर आपण काय म्हणालो असतो, हा प्रश्न ती त्यानंतर स्वतःला अनेकदा विचारणार होती. उत्तराचा अंदाजही तिला बांधता आला नाही.

फेब्रुवारीत निकाल लागला. जन्मतारीख सात मे धरण्यात आली. जन्मठेप. निकालपत्र त्रेपन्न पानांचं होतं आणि त्यातली एकोणीस पानं दाताबद्दल होती. मुलगा तासभर पाराआड थांबला तेव्हा त्याच्या मनात काय चाललं होतं, याबद्दल त्यात फार नव्हतं. नव्या कायद्यात तो प्रश्नच उरला नव्हता. वर्तमानपत्रात मनोहर कापगते यांचा फोटो आला. न्याय मिळाला का असं कुणी विचारल्यावर, मला घरी जायचं आहे, एवढंच ते म्हणाल्याचं खाली छापलं होतं.

मेच्या पाच तारखेला प्रणिता पुन्हा प्रयोगशाळेत आली. ऊन उतरत आलं होतं. नसरीननं तिला कूलरसमोर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि स्वतः खिडकीपाशी यंत्राच्या पडद्यावर बघत बसली.

विशाखाला वाटलं, ही आता विचारेल की तुम्ही मला का नाही सांगितलं. ते विचारलं असतं तर तिला नियमच सांगावा लागला असता. पण प्रणिता वेगळंच सांगत राहिली. परवा हर्षलची भेट आहे. वाढदिवसाला घरचा डबा नेऊ देतात, ती शिरा नेणार आहे, पहिल्यांदाच सात तारखेला. मागच्या भेटीत तिनं त्याला विचारलं होतं, काहून बोललास रे मधात, मी सांभाळलं असतं. तर तो म्हणाला, तू खोटं बोलताना कशी दिसते ते मले पाहवेना. मग थोड्या वेळानं म्हणाला, म्हणजे मी भरतीत बसत होतो, आई. आठ दिवस आधीच अठरा झाले होते.

"मग लोकेशचं नाव काढलं आणि लय रडला जी. मायासमोर पहिल्यांदा."

पिशवीतून तिनं प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला एक जुना कागद काढला. ॲम्ब्युलन्सची नोंद. धनराज गायधने, वय सव्वीस, घरातून हलवलं, नऊ मे, सकाळी अकरा वाजता. कागद घड्यांवर फाटला होता आणि मागून चिकटपट्टी लावली होती.

"कोर्टात तुम्ही सात म्हणाल्या तेव्हा मले काही सुचलं नाही. नंतर घरी बसून मोजलं," ती म्हणाली. "सात आणि नऊ. म्हणजे गाडी यायच्या आधी पोरगा झाला होता. दोन दिवस दोघं एका घरात होते." तिनं बोट त्या तारखेवर ठेवलं. "सात म्हणजे सातच ना, मॅडम? त्यानं पोराचं तोंड पाहिलं ना?"

खिडकीपाशी नसरीनचा माऊस थांबला.

विशाखासमोर रेघा उभ्या राहिल्या. जन्माची गडद रेघ, त्यानंतरचे पुसट दिवस. दोन ठिकाणी कवच किडलं होतं आणि तिथे थर एकमेकांत मिसळले होते, तीन दिवस तिथूनच आले होते. चारपासून दहापर्यंत. दहा तारीख अशक्य नव्हती. दहा तारखेला घरात फक्त सासू होती. आणि बाप घरात असला तरी तापात पडलेल्या माणसाजवळ त्या दिवसांत कुणी बाळ नेलं असतं का, हे कोणत्याही दाताला ठाऊक नव्हतं.

"सात मे," विशाखा म्हणाली. "शुक्रवार होता. पाहिलं त्यांनी."

प्रणितानं कागदाची जुन्या घड्यांवर घडी घातली, तो प्लॅस्टिकमध्ये सरकवला आणि पिशवी छातीशी धरली. मग पदरानं डोळे पुसून उठली आणि म्हणाली, भंडाऱ्याची गाडी पाच वीसला आहे, किती वाजले जी?

विशाखानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. नसरीन तिच्याकडेच बघत होती.

"पाच वाजून दहा," ती म्हणाली, आणि स्टँडपर्यंत सोडायला तिच्याबरोबर निघाली.